पौष वारी आणि प्रिलिम एकाच आठवड्यात आली तर: वारकरी शिक्षण आणि कॉलेजचा अभ्यास सोबत कसा करायचा

मी बारावी सायन्सला होते तेव्हा जानेवारीत एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या, कॉलेजची प्रिलिम आणि त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची पौष वारी. आमचं घर त्र्यंबक रोडवरच्या गावातलं, घरात चार पिढ्यांची माळ, त्यामुळे वारीला जायचं नाही हा विषयच नव्हता. आदल्या चार रात्री भजनाची तयारी, बाहेरगावच्या दिंड्या मुक्कामाला, पन्नास-साठ माणसांच्या भाकरी, आणि मग पहाटे पायी निघायचं. वारी करून आले आणि दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या पेपरला बसले. ७० पैकी १९ मार्क पडले.

त्या १९ मार्कांनी मी एवढी घाबरले की सरळ दुसऱ्या टोकाला गेले. पोथी कपाटात ठेवली, हरिपाठाला बसणं बंद, क्लासच्या नोट्स सोडून दुसरं काही हातात घेतलं नाही, सीईटी होईपर्यंत हे असंच चाललं. मार्क बरे पडले, फार्मसीला ॲडमिशन झालं. पण मे महिन्यात पोथी उघडली तर ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, २४७ ओव्या, जो मी दहावीच्या सुट्टीत तोंडपाठ केला होता, तो साठाव्या ओवीच्या पुढे सरकेना. त्या दिवशी मी खरंच रडले. फिजिक्सच्या मार्कांसाठी एवढी रडले नव्हते.

म्हणजे एकाच वर्षात मी दोन्ही चुका करून बसले. पुढची चार वर्षं बी.फार्मसी करताना जे हळूहळू जमत गेलं ते इथे पायरीपायरीने लिहितेय, कारण गावातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच मुलामुलींचा हाच प्रश्न असतो आणि त्यांना एकच उत्तर मिळतं, आधी शिक्षण कर मग देव आहेच, किंवा उलट, देवाचं कर मग सगळं आपोआप होतं. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. दोन्हीला सारखा वेळ देता येत नाही हे खरंय, पण दोन्हीतलं एकही शून्यावर आणायचं नाही. बाकी सगळं याच्यावरूनच ठरतं.

पायरी १: नक्की काय शिकताय ते कागदावर लिहा

"मी वारकरी शिक्षण घेतोय" एवढं पुरत नाही. त्यात काय काय येतं बघा. हरिपाठ, काकड्याचे म्हणजे पहाटेच्या आरतीचे अभंग, गीतेचे अध्याय, ज्ञानेश्वरीचं पाठांतर, चाली आणि गायन, हार्मोनियम किंवा पखवाज, आणि पुढे कीर्तनाची तयारी म्हणजे एका अभंगावर चिंतन मांडणं आणि त्याला लागणारी प्रमाणं, म्हणजे आधार म्हणून द्यायची संतवचनं, पाठ करणं. यातल्या प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, जागा वेगळी.

पाठांतर बसमध्ये होतं, पखवाज बसमध्ये होत नाही. पखवाजाचं तर बसायच्या आधी कणीक भिजवायची, डाव्या तोंडाला लावायची, आवाज खोल लागला नाही तर थोडी काढायची किंवा वाढवायची, मग उजव्या बाजूला हातोडीने सूर जुळवायचा आणि वाजवून झाल्यावर ती कणीक खरवडून काढायची. माझा भाऊ वाजवतो, त्याचा तासाभराचा रियाज म्हणजे खरे दीड तास असतात. त्याच्या डिप्लोमाच्या एका ड्रॉइंग शीटवर कणकेचा अंगठा उमटला होता आणि ती अख्खी शीट परत काढावी लागली, तेव्हापासून त्याने रियाज आणि सबमिशन एका संध्याकाळी ठेवणं बंद केलं.

तर आपण शिकतोय त्या प्रत्येक गोष्टीपुढे खरा वेळ लिहा, तयारीचा आणि जाण्यायेण्याचा धरून. आणि खाली एक ओळ लिहा की हे मला कुठपर्यंत न्यायचंय. रोजचा नेम म्हणून हवंय, गावच्या भजनात उभं राहता यावं म्हणून हवंय, की कीर्तनकार व्हायचंय. तिसरं असेल तर पायरी ७ नीट वाचा, कारण तो रस्ता वेगळा आहे.

पायरी २: दोन्ही कॅलेंडर एकाच पानावर

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि जवळपास कुणीच करत नाही. कॉलेजचं कॅलेंडर इंग्रजी तारखांचं, आपलं तिथीचं. तिथी दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. त्यामुळे गेल्या वर्षी वारी आणि परीक्षा भिडल्या नाहीत म्हणून यंदाही भिडणार नाहीत असं धरून चालायचं नाही.

उदाहरण घ्या. २०२५ मध्ये पौष वद्य एकादशी २५ जानेवारीला होती आणि बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, मध्ये सतरा दिवस आणि त्यातच प्रॅक्टिकल. २०२६ ला तीच एकादशी १४ जानेवारीला, अगदी संक्रांतीच्या दिवशी, आणि लेखी १० फेब्रुवारीला. म्हणजे मध्ये जवळपास चार आठवडे मिळाले, पण वारी प्रिलिमच्या आसपास येऊन बसली.

आषाढीचंही तसंच. २०२५ ला आषाढी ६ जुलैला होती. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून, त्यामुळे आषाढी थेट २५ जुलैला. निवृत्तीनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकहून निघते, सातपूर, नाशिक करून सिन्नरच्या बाजूने पुढे जाते आणि पंढरपूरला पोचायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. आषाढी लवकर असेल तर सुरुवातीचे दिवस तरी सुट्टीत किंवा कॉलेज नुकतं उघडलेलं असताना येतात. आषाढी उशिरा असेल तर अख्खी वारी कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे हजेरीचा प्रश्न.

मग करायचं काय, तर दिवाळीनंतर नवीन पंचांग किंवा कालनिर्णय घरात आलं की एक मोठा कागद घ्यायचा, बारा महिन्यांचे बारा चौकोन आखायचे. एका रंगाने पौष वारी, आषाढी, कार्तिकी, काकड्याचा महिना, गावचा सप्ताह, घरातला वार्षिक कार्यक्रम. दुसऱ्या रंगाने टर्म, प्रिलिम, प्रॅक्टिकल, लेखी, सीईटी किंवा नीट किंवा जेईई, सेमिस्टर असेल तर इंटर्नल. तारीख जाहीर झालेली नसेल तर गेल्या वर्षीची पेन्सिलने टाका. आता जिथे दोन रंग एका आठवड्यात आले तिथे गोल करा. वर्षभरात असे चार-पाच गोलच निघतात, मी पाच वर्षं केलंय, सहाच्या वर कधी गेले नाहीत. म्हणजे भांडण रोजचं नाहीये, चार-पाच आठवड्यांचं आहे. हे कागदावर दिसलं ना की निम्मं टेन्शन तिथेच उतरतं.

नाशिककरांना अजून एक गोष्ट पेन्सिलने टाकावी लागेल, ती म्हणजे सिंहस्थ, आपला कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत पंचवटी आणि त्र्यंबक रोडला गर्दीमुळे वाहतूक बदलणार हे धरून चाला, आणि परीक्षेचं किंवा ॲडमिशनचं कुठलंही काम त्या तारखांना ठेवू नका.

पायरी ३: महाराजांशी आणि घरच्यांशी आधी बोला

गोल केलेला कागद घेऊन आधी महाराजांकडे, म्हणजे जे आपल्याला हे वारकरी शिक्षण देतात त्यांच्याकडे जायचं, मग घरी. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय. घरच्यांना वाटत असतं की मुलगी अभ्यासाचं कारण काढून टाळतेय, आणि महाराजांनीच सांगितलं की विषय संपतो.

बारावा अध्याय विसरल्याचं मी महाराजांना सांगायला गेले तेव्हा मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "बाळा, तुला परीक्षा होती हे मला कुणी सांगितलंच नाही. रोज किती वेळ बसायचीस?" म्हटलं, तास-दीड तास. "मग परीक्षेच्या दिवसांत दहा मिनिटं बसायचं. तास नाही म्हणून दहा मिनिटंही नाहीत, असं कुठं असतं का?" एवढंच बोलले आणि त्याच दिवशी पहिल्या ओवीपासून परत बसवलं. मला वाटतं मी पाच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे गेले असते तर ना फिजिक्स गेलं असतं ना अध्याय.

घरी मात्र थोडं अवघड गेलं. माझ्या आजोबांना आम्ही आबा म्हणतो. आबा म्हणाले, "पांडुरंगापेक्षा तुझी परीक्षा मोठी झाली का?" अशा वेळी वाद घालू नका, त्यांचं दुखणं खरं असतं, त्यांना वाटतं ही परंपरा आपल्यानंतर तुटते की काय. मी त्यांना कागद दाखवला. म्हटलं आबा, हे बघा, काकड्याचा महिना आहे यात, आषाढी आहे, सप्ताह आहे, मी फक्त या दोन ठिकाणी कमी येणार आहे, सप्ताहाला सात दिवसांऐवजी शेवटचे दोन दिवस आणि काल्याचं, म्हणजे समारोपाचं कीर्तन. आणि रोज संध्याकाळी तुमच्यासमोर दहा मिनिटं म्हणून दाखवणार. आबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बरं. पण काल्याला चुकायचं नाही." त्यानंतर चार वर्षं त्यांनीच मला रोज आठवण केली, आणि परीक्षा जवळ आली की घरातला टीव्ही बंद करणारेही तेच.

कॉलेजातही एका तरी शिक्षकांना सांगून ठेवा. लपवायचं काही कारण नाही. वारीला जायचं असेल तर आधी अर्ज द्या, कुठली प्रॅक्टिकल चुकणार ते विचारून दुसऱ्या बॅचबरोबर करून टाका. आल्यावर सबब सांगण्यापेक्षा जायच्या आधी विचारलेलं कधीही चांगलं.

पायरी ४: पाठांतराची वही

इथे मी जरा जास्त थांबणारेय, कारण इथेच सगळा वेळ वाचतो.

आपल्याकडे बरेच जण नुसतं पुढे पुढे पाठ करत जातात. आज पाच ओव्या, उद्या पाच, परवा पाच, आणि मागचं कधीतरी एकादशीला एकदम म्हणायचं. मागचं निसटत जातं आणि मग वाटतं आपली स्मरणशक्तीच कमी. फार्मसीला माझ्याबरोबर जुन्या नाशकातली एक मैत्रीण होती, तिचा धाकटा भाऊ शाळा सांभाळून हिफ्ज करत होता, म्हणजे कुराण तोंडपाठ करणं, पूर्ण तीस पारे. तिने मला त्यांची पद्धत सांगितली. रोज तीन भाग, सबक म्हणजे आजचा नवीन धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतलं ताजं, आणि मंजिल म्हणजे जुनं पाठ झालेलं, तेही रोज थोडं थोडं फिरवत. उस्तादांसमोर तिन्ही ऐकवायचं. ते ऐकून मी पंचवटीत वेदपाठशाळेत शिकलेल्या एका ओळखीच्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले संथा आणि आवृत्ती याचं आमच्याकडेही असंच आहे, नवी संथा म्हणजे नवा पाठ एकीकडे आणि मागची आवृत्ती म्हणजे उजळणी रोज. म्हणजे ज्यांना हजारो ओळी आयुष्यभर पाठ ठेवायच्यात ते सगळे शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोचलेत.

मी तेच ज्ञानेश्वरीला लावलं. साधी दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर तीन रकाने.

नवीन: रोज पाच ओव्या. एक ओवी पोथीत बघून तीन वेळा, पोथी झाकून तीन वेळा, मग दुसरी, मग पहिली-दुसरी एकत्र, असं करत पाचपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं लागतात. अर्थ वाचल्याशिवाय पाठ करू नका, अर्थ कळला की ओवी अर्ध्या वेळात बसते. मुख्य म्हणजे अर्थासाठीच तर हे सगळं.

ताजं: गेल्या सात दिवसांतल्या ओव्या, पोथी न उघडता. सात-आठ मिनिटं.

जुनं: आधी पाठ झालेल्यातला एक तुकडा, वीस-पंचवीस ओव्या, रोज पुढचा तुकडा. दहा मिनिटांच्या आत होतं.

अडखळलं तिथे वहीत त्या ओवीचा नंबर लिहायचा आणि उद्या सुरुवात त्या नंबरापासून. रविवारी नवीन काहीच नाही, फक्त ताजं आणि जुनं. असं आठवड्याला तीस ओव्या होतात, म्हणजे बारावा अध्याय आठ-नऊ आठवड्यांत. अख्ख्या ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या वर ओव्या आहेत, तिकडे बघून घाबरू नका, कॉलेजच्या वर्षांत दोन-तीन अध्याय नीट झाले तरी ते आयुष्यभराचं धन आहे. अगदी नवीन असाल तर हरिपाठापासून सुरू करा, माऊलींचे २७ अभंग आहेत, काही पोथ्यांत २८ येतात. मग गीतेचा बारावा आणि पंधरावा अध्याय, दोन्हींत वीस-वीस श्लोक.

आता या वहीचा अभ्यासाशी काय संबंध, तर सगळाच. मी हीच वही उलटी करून मागच्या बाजूने फार्माकॉलॉजीसाठी वापरायला लागले. नवीन, ताजं, जुनं. रोज एका गटातली पाच औषधं, त्यांचं काम आणि दुष्परिणाम, आठवड्याचं ताजं, आणि गेल्या महिन्यातला एक गट जुन्यात. पुस्तक उघडं ठेवून पाचदा वाचण्यापेक्षा झाकून एकदा आठवलेलं जास्त टिकतं हे पाठांतराच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही, फक्त ते आपण कॉलेजच्या पुस्तकाला लावत नाही एवढंच. इनऑर्गॅनिकच्या रिॲक्शन, बायोलॉजीची वर्गीकरणं, इतिहासातल्या सनावळ्या, कायद्याची कलमं, सगळ्याला चालतं. गणिताला नाही चालत, गणित सोडवूनच येतं.

पायरी ५: दिवसाची मांडणी, आणि झोप

टाइमटेबल प्रत्येकाचं वेगळं असणार, म्हणून माझं तंतोतंत देत नाही. पण दोन-तीन गोष्टी पक्क्या ठेवा.

पाठांतर पहाटे आणि तेही फोन हातात घ्यायच्या आधी. अर्धा तास पुरतो, मग अभ्यास. संध्याकाळी घरात हरिपाठ होत असेल तर त्यात बसा, अर्धा-पाऊण तास जातो पण टाळ धरून चार माणसांत म्हटल्यावर डोकं जेवढं हलकं होतं तेवढं रील बघून होत नाही, आणि त्यानंतरचा अभ्यास खरंच चांगला होतो. क्लास संध्याकाळचा असेल आणि जमणारच नसेल तर घरी आल्यावर शेवटचे दोन-तीन अभंग म्हणा.

प्रवासाचा वेळ सोनं आहे. त्र्यंबक ते नाशिक साधारण २८-३० किलोमीटर, सिटीलिंकची शहर बस असो की एसटी, तास जातोच. मी महिरावणीच्या पुढून बसायचे, कॉलेजला जाताना सातपूर येईपर्यंत जुनं म्हणायचं, सातपूरला गर्दी चढली की थांबायचं आणि मग सीबीएसपर्यंत, म्हणजे नाशिकच्या मुख्य बस स्टँडपर्यंत, कानात लेक्चरचं रेकॉर्डिंग. परतीला उलटं. ओठ हलतात म्हणून पहिल्यांदा लाजायला होतं, आठवड्यात सवय होते. महाराजांच्या आवाजात चाल रेकॉर्ड करून घ्या, विचारून घ्या फक्त.

आता झोप. यावर मी भांडायलाही तयार आहे. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो, पहाटे साडेचार-पाचला देवळात. तेव्हाच कॉलेजमध्ये टर्म किंवा सेमिस्टर चालू असते. रात्री नऊला क्लास सुटतो, जेवून साडेअकरापर्यंत अभ्यास, आणि चारला उठून काकडा, म्हणजे साडेचार तास झोप. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, आणि पाठांतर पक्कं बसतं ते झोपेतच. काकड्याला बसून डुलक्या घेणारी आणि मग फिजिक्सच्या तासाला डुलक्या घेणारी मुलं मी बघितलीत, त्यातली एक मीच होते. त्या महिन्यात दोनच पर्याय आहेत. एकतर रात्रीचा अभ्यास नऊ-साडेनऊला बंद करून झोपा आणि काकड्यानंतरचे सहा ते आठ हे दोन तास अभ्यासाला घ्या, मला हे फार मानवलं, गार हवा, डोकं ताजं, घर शांत. किंवा क्लासमुळे लवकर झोपणं शक्यच नसेल तर आठवड्यातून दोन दिवस काकड्याला जा, शनिवार-रविवार, आणि बाकी दिवस घरी उठल्यावर एक काकड्याचा अभंग म्हणा. सगळे दिवस जायचं आणि झोप मारायची हा तिसरा पर्याय नाही.

मुलींसाठी एक वेगळं लिहिते. भजन, सप्ताह, कीर्तनाचे वर्ग रात्री उशिरापर्यंत चालतात आणि घरचे सोडत नाहीत, किंवा सोडतात आणि मग दोघांना काळजी. आम्ही गावातल्या पाच मुली मिळून महाराजांना विनंती केली की आमचा गायनाचा वर्ग रविवारी सकाळी घ्या. झाला. तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं म्हणून तो रात्री होता. आणि पाळीच्या दिवसांत देवळात जायचं की नाही हे तुमच्या घरचं काय ते असेल, पण पाठांतराची वही त्या दिवसांत बंद ठेवायचं काही कारण नाही. मी कधी ठेवली नाही.

पायरी ६: परीक्षेचे दिवस

पायरी ४ मधली वही असेल तर परीक्षेत काय कमी करायचं हा प्रश्नच राहत नाही. पेपरच्या तीन-चार आठवडे आधी "नवीन" रकाना बंद. आठवड्याभरात "ताजं" आपोआप रिकामं होतं कारण नवीन काही येत नाही. उरलं फक्त "जुनं", रोज दहा मिनिटं. बारावीला मी तेवढी दहा मिनिटं ठेवली असती तर २४७ ओव्या दहा-बारा दिवसांत एकदा फिरल्या असत्या आणि पाच महिन्यांत बारा-पंधरा वेळा उजळणी झाली असती. विसरायला जागाच नव्हती.

या दिवसांत उपवास असेल तर विचार करून करा. एकादशीला पेपर असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर तीन तास लिहिताना मला चक्कर आली होती, नंतर आईने पेपरच्या एकादशीला राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि दूध असं ठरवूनच दिलं. रमजान पाळणाऱ्या मित्रमैत्रिणींचंही हेच, २०२५ मध्ये रोजे मार्चच्या सुरुवातीला सुरू झाले आणि दहावी-बारावीचे पेपर चालूच होते, त्या मैत्रिणीच्या घरी सहेरीनंतर झोपायचं की वाचायचं हे आधीच ठरलेलं होतं, भावाचा सबक बंद आणि मंजिल चालू. ऐकून मला हसूच आलं, कारण माझ्या वहीतही तेव्हा नेमका तोच रकाना चालू होता.

पेपर अवघड गेला म्हणून नेमाला दोष देऊ नका आणि नेम चुकला म्हणून पेपर अवघड गेला असंही मनात आणू नका. हे दुसरं फार आतून पोखरतं. एखाद्या दिवशी दहा मिनिटंही झाली नाहीत तर दुसऱ्या दिवशी दहाच करा, वीस नाही. कर्ज फेडायला लागलात की चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

पायरी ७: पूर्ण वेळ वारकरी शिक्षण घ्यायचं असेल तर

काही जणांना दहावीनंतर थेट आळंदीला जायचं असतं. जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था तिथे आहे, चार वर्षांचा अभ्यासक्रम, तिथली शिस्त कडक आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकार तयार झालेत. जाणार असाल तर जरूर जा, पण शालेय शिक्षण तोडून जाऊ नका. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते, त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते म्हणून जवळच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीलाच चौकशी करा. पदवीसाठी तर आपल्या नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून, अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत, बीए तिथून होतं आणि मराठी घेतलं तर संतसाहित्य वाचताना दोन्हीकडे उपयोग.

वेदपाठशाळेतल्या मुलांसाठी उज्जैनच्या महर्षी सांदीपनी बोर्डाची वेदभूषण आणि वेदविभूषण ही प्रमाणपत्रं आहेत, दहावी आणि बारावीच्या समकक्ष धरली जातात. तरी पुढे ज्या कॉलेजला जायचंय तिथे ती चालतात का हे आधी लेखी विचारून घ्या.

घरात "शिकलेला माणूस कशाला कीर्तन करेल" असं कुणी म्हणालं तर सोनोपंत दांडेकरांचं नाव सांगा. पुण्याच्या एस.पी. कॉलेजचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, जोग महाराजांचे शिष्य आणि आयुष्यभर कीर्तन-प्रवचन करणारे. आबांना मी हेच सांगितलं होतं, त्यांनी लहानपणी त्यांचं नाव ऐकलेलं होतं, मग काय, अर्धा तास तेच मला सांगत बसले.

पायरी ८: पेपर संपल्यावर

शेवटच्या पेपरच्या दिवशी काही करू नका, झोपा. दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि "नवीन" रकान्यात पाच नाही, दोन ओव्या लिहा. आठवडाभर दोनच. एवढे दिवस फक्त जुनं म्हटल्यामुळे नवीन पाठ करायची सवय मोडलेली असते आणि पहिल्याच दिवशी दहा घेतल्या की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. दुसऱ्या आठवड्यात तीन, मग चार, मग पाच.

सुट्टीत गावोगावी सप्ताह असतात, एखाद्या सप्ताहात पूर्ण सात दिवस राहा, यंदा जे कमी केलं ते तिथे मनभरून करा. आणि ज्या संध्याकाळी तुम्ही अभ्यासामुळे येऊ शकला नव्हता तेव्हा तुमच्या जागी कुणीतरी टाळ धरला असेल, वीणा धरली असेल, त्यांना भेटून या. मी फायनल इयरचा शेवटचा पेपर दिला तेव्हा आबा एसटी स्टँडवर न्यायला आले होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, आज संध्याकाळी पंधरावा म्हणायचा का? म्हटलं, आज नाही आबा, उद्या. मी झोपणार आहे.

"बरं, उद्या," म्हणाले, आणि माझी बॅग खांद्याला लावून चालायला लागले.